बारा आणि बारा

ओट्यावर देओलिंदाने मांडल्या चोवीस काड्या,
बहिणीच्या परसातल्या जापोनेइराच्या.
घर विकलं गेलंय. नवा मालक
तिथे गाडीपुरती फरशी घालणार आहे.

बाकी जग या झाडाला कॅमेलिया म्हणतं.
इथे, पोर्तोच्या आसपास, जुनी माणसं
'जपानहून आलेली' म्हणतात अजून,
तीन पिढ्या नांदलेल्या सुनेला
माहेरच्या गावानेच हाक मारावी तसं.

बेलार्मिनो कुंपणावरून म्हणाला,
"पावडर कशाला? माझ्या आईने जिरॅनियम
नुसतं खोचलं, त्याचं रान झालं."
"जिरॅनियमचं काय सांगतोस!
ते खोचलं तरी लागतं, विसरलं तरी लागतं.
वाळुंजाची काठी ओल्यात टेकवून ठेव,
तिलाही पाय फुटतील.
ही तसली नाही. हिची मनधरणी करावी लागते."

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
देओलिंदाने परीक्षानळ्या विसळल्या.
निष्कर्ष नेहमी दुसऱ्यांनी लिहिले.
आता वही तिची.

डोळ्याच्या किंचित खाली तिरपा काप.
खालची पानं काढलेली,
वरची दोन निम्मी कातरलेली,
तहान कमी लागावी म्हणून.
बारा काड्यांची बुडं पावडरीत टेकवून झटकली,
बारा तशाच.
झटकायचीच; थर जाड बसला तर बूड काळं पडतं.
तिला बहिणीचा मुलगा आठवला,
पण वहीत तसा रकाना नव्हता.

ऑगस्ट. सप्टेंबर. प्लॅस्टिकच्या आत घाम.
ऑक्टोबरात ती दवाखान्यात गेली तेव्हा
बेलार्मिनोने एक काडी उपटून पाहिली.
होती बिनपावडरीचीच. बुडाशी नुसती पांढरी गाठ,
मूळ फुटायच्या बेतात.
त्याने ती परत खोचली आणि गप्प राहिला.
काडी गप्प राहिली नाही.

नोव्हेंबरात मोजणी:
पावडरीच्या बारापैकी नऊ, मुळांचा झुपकाच.
नुसत्या अकरापैकी सहा,
एकेकच मूळ, लांबच लांब, वाट शोधत गेल्यासारखं.
"बघ, लागल्याच की सहा," तो म्हणाला.
"नऊ," ती म्हणाली.
दोघंही खरं बोलत होते
आणि दोघांनाही ते पुरत नव्हतं.

रात्री ब्रागाहून इदालिनाचा फोन.
"पंधरा जगल्यात. तुला कुठली देऊ,
पावडरीची की बिनपावडरीची?"
"फुलं वेगळी येणार का?"
"छे. तीच. पांढऱ्यावर तांबडी रेघ."
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
"मग ती लांब मुळाची दे.
इथे बाल्कनीत कुंडी खोल आहे."

देओलिंदाने चष्मा पुसला. वहीत लिहिलं:
निष्कर्ष. पावडरीने फरक पडतो.
हट्टी झाडाला जास्त, घाईतल्या माणसाला त्याहून जास्त.
मग, शाई वाळायच्या आत, खाली:
उपटून पाहू नये.