सतरावी पायरी

राजधानीचा जिल्हा होऊन दहाएक वर्षं झाली
तेव्हा ही कचेरी उठली.
ना घुमट, ना कमान, ना दारात दगडी हत्ती.
सपाट माथा, सिमेंटची जाळी, उन्हाला आडव्या पट्ट्या.
पगडी उतरवून ठेवलेल्या माणसासारखी बोडकी दिसते,
असं जुनी माणसं म्हणाली.
तालमीतल्या पोरांनी नाव पाडलं : काड्यापेटी.

नकाशा मुंबईच्या साहेबाचा.
जिना तेवढा माझ्या वडिलांचा.
आण्णाप्पा बेडकिहाळे, ट्रेसर, बांधकाम खातं, रोजंदारी.
कापडावर घाम उतरू नये म्हणून
मनगटाला धोतराची चिंधी बांधून त्यांनी तो काढला.

सिमेंट परमिटवर यायचं, त्यातलं निम्मं गोठलेलं.
स्लॅबच्या रात्री शेवंता वडार आणि तिच्या बाया
पहाटेपर्यंत घमेली चढवत होत्या.
साहेबानं गूळ वाटला.
लिफ्टसाठी विहीर सोडली होती, लिफ्ट आली नाही.
त्यात रद्द रजिस्टरं पडली
आणि रजिस्टरांवर पारवे.

सतरावी पायरी अर्धा इंच उंच आहे.
चूक माझी,
वडील घरात एकदाच म्हणाले, आमटी भुरकताना.
उद्घाटनाला मंत्री तिथंच ठेचकाळले.
मग कलेक्टर, वकील, दाखल्याला आलेल्या बाया,
कुळाच्या खटल्यात पंचवीस वर्षं चढलेला एक म्हातारा,
दर तारखेला, त्याच पायरीवर.
उतरताना मात्र कुणाला काही कळत नाही.

पुराचं पाणी नवव्या पायरीपर्यंत आलं त्या वर्षी
हिंदुराव शिपायानं सातबारे गच्चीवर वाळत घातले,
पापडासारखे, प्रत्येकावर वीट.
सतरावी कोरडी राहिली.

आता जाळीवर लाल अक्षरांत धोकादायक लिहिलंय.
काचेचा नवा नकाशा म्हणे मंजूर आहे,
त्यात लिफ्ट दोन.
मी वारस नोंदीला आले होते,
वडिलांच्या नावापुढं कै. लावायला.
चौदा, पंधरा, सोळा.
पाय आपसूक जरा वर गेला.

मागून एक पोरगा अडखळला, मोबाइल सावरत म्हणाला,
आयला, कुणी बांधलाय हा जिना?
मी गप्प राहिले.
दोन पायऱ्यांनंतर वळून म्हटलं, बेडकिहाळ्यांनी.
कोण?
वर चार नंबरची खिडकी बंद होत होती,
तो पुढं पळाला.