अंगठा

पवननगरहून पावणेसातची रिक्षा.
मागे चौघी, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक,
आणि मी मागच्या चौघींत दाबलेली,
अंगात एकशे एक.
कविता म्हणाली, तुझ्याशेजारी ऊब लागते गं.
जानेवारी आहे. ती खरंच खूश होती.

अंबडच्या गेटवर अंगठ्याचं मशीन.
थंडीत ते मला ओळखत नाही,
रबरी सील चाचपून रेषा झिजल्यात.
रोज अंगठ्यावर हाऽ करते,
ओढणीला पुसते, पुन्हा टेकवते,
मागची रांग बोटं मोडते.
आज एका दमात: थँक यू.
तापलेला अंगठा त्याला आवडला.

कपाळावर रोखायचं ते पिस्तूल
वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये आहे अजून.
सेल काढून त्याने रेडिओत घातलेत.

का आलीस, असं कुणी विचारलं तर
सांगण्याजोगं कारण तयार आहे.
महिनाभर खाडा नाही, तर हजेरीचे साडेसातशे.
एक दिवस चुकला की जातात,
एका दिवसापुरते नाही,
सगळे.
सातपूरला दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं
तर तोही दिवस गेलाच,
आणि वर डॉक्टर सांगणार, आराम करा.
हे सगळ्यांना पटतं. नवऱ्यालाही.
घरी पडून राहिले असते
तर दहा वाजता त्यानेच विचारलं असतं,
आहेसच, तर चहा टाकतेस का?

दुसरं कारण सांगत नाही.
नोव्हेंबरात खैरनार मावशी चार दिवस नव्हत्या.
लेकीचं बाळंतपण, सिन्नरला.
पहिल्या दिवशी त्यांचे क्रेट आम्ही तिघींनी वाटून घेतले,
मावशींवरच्या मायेने.
दुसऱ्या दिवशी सुपरवायझर घड्याळ बघत मागे उभा राहिला.
तिसऱ्या दिवशी काही अडलं नाही.
चौथ्या दिवशी टेबल उचललं.
आता त्यावर पाण्याचे कॅन असतात.
मावशी पाचव्या दिवशी आल्या होत्या,
पेढे घेऊन.

माझ्यावाचून लाइन चालते,
हे मला माहीत आहे.
त्यांना माहीत होऊ नये,
म्हणून येते.

त्या दिवशी ट्यूबलाइटला पिवळं कडं होतं.
सील एकाचे दोन दिसायचे,
मी दोन्हींवर हात फिरवून
ओकेचा शिक्का मारत होते.
किती चिरलेले गेले असतील पुढे,
कुणाच्या गाडीच्या ब्रेकात जाऊन बसले असतील,
ती गाडी कुठल्या घाटात असेल,
हे रात्री आठवलं. घाम येऊन ताप उतरल्यावर.

बुधवारी हुसेना खोकत आली.
माझ्याच शेजारचं टेबल.
डोळे लाल, नाकाला रुमाल.
का आलीस,
हे मी तिला विचारलं नाही.
तिनेही मला, माझाच आहे का हा, असं विचारलं नाही.
टेबलाखालून गोळ्यांची पट्टी सरकवली,
सहातल्या चार उरल्या होत्या.
तिने एक घेतली, पाण्याशिवाय.
मग तिच्या क्रेटमधले मूठभर सील
मी माझ्याकडे ओढले,
आणि मूठ उघडण्याआधी
मागे वळून पाहिलं,
घड्याळवाला कुठे आहे ते.