सोमवारची ट्राम

शर्यत रविवारी व्हायची.
आमच्या घरी ती पोचायची सोमवारी,
बाबांच्या पाटलोणीला चिकटलेल्या पेंढ्यातून.

बोआविश्ताचा रस्ता तेव्हा दगडी फरसबंदीचा,
मधोमध ट्रामचे रूळ, कडेने दिव्यांचे खांब,
आणि टोकाला समुद्र,
कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.
ऑगस्टात तीन दिवस ट्राम बंद.
याच दगडांवरून गाड्या जाणार,
जहाजातून उतरलेल्या, लाल, हिरव्या, उघड्या पाठीच्या,
आणि ट्रामचालक आदेलिनोला काम एकच:
रुळांच्या खाचा बुजवायच्या.
वाळू, डांबर, काथ्याचा दोर.
गुडघ्यांवर बसून वावभर पुढे, पुन्हा वावभर.
"यात त्यांचं चाक अडकलं तर माणूस जातो," म्हणायचे,
"आणि माझी ट्राम बघ,
अडकलेली असते म्हणून चालते."

मातोझिन्योशच्या सार्डिन कारखान्याचा भोंगा
त्या दिवशी गप्प.
आई खिडकीला गादी लावायची,
काच फुटू नये म्हणून
की आवाज आत येऊ नये म्हणून, तिलाच ठाऊक.
व्हेनांसिओ खांबावर. वय बारा.
खालून पोलीस ओरडतोय, उतर,
वरून हा मोजतोय:
सात आला, बावीस आला, सात परत आला.

अठ्ठावन्न साली सरावाच्या आदल्या रात्री पाऊस झाला.
वाळू वाहून गेली.
सकाळी एका गाडीच्या चाकाला रूळ सापडला
आणि ती ट्रामसारखी सरळ गेली,
वळायचं होतं तिथे.
पेंढ्याच्या गठ्ठ्यांतून माणूस बाहेर आला
एकाच पायात बूट,
हसत होता की रडत, कळेना.
आईने कल्हईच्या पेल्यातून पाणी दिलं,
तिच्या हातांना मासळीचा वास,
तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला
आणि दुसरा पेला मागितला.

सगळे म्हणाले, पावसाची चूक.
बाबा जेवले नाहीत.
"रूळ माझे," एवढंच.
सोमवारी त्या वळणावर ट्राम सावकाश नेली,
घंटा वाजवली,
पुढे कुणी नव्हतं तरी.

साठ साली शेवटची.
शर्यत का गेली, कुणी सांगितलं नाही.
एकसष्टात युद्ध का आलं,
तेही नाही.
सदुसष्टात व्हेनांसिओ जहाजाने आंगोलाला.
लिहायचा, इथले रस्ते लाल,
मैलच्या मैल वळण नाही, मोजायला काही नाही.
शेवटचं पत्र उशिरा आलं.
तो आधी पोचला होता.

चौऱ्याऐंशीत शर्यत देशात परतली, पण इश्तोरिलला,
आमच्यापासून दूर, कुंपणाच्या आत.
कॅफेत रंगीत टीव्ही.
बाबांना एका कानाने ऐकू येत नव्हतं,
दुसऱ्या कानाने तासभर पाहत बसले
आणि म्हणाले,
"रूळ कुठेयत?"
लोक हसले.
"नाही, मग हे वळतात तरी
कशाच्या विरुद्ध?"

परवा नातीने फोनवर दाखवली,
साथीच्या वर्षातली, पोर्तिमाओची:
गाड्या सुयांसारख्या
आणि प्रेक्षागार रिकामं,
हजारो खुर्च्या, एकही मान वळत नाही.
आवाज वाढवू का, म्हणाली.
नको म्हटलं.

बोआविश्तावर आता गुळगुळीत डांबर.
काही ठिकाणी खाली रूळ तसेच आहेत म्हणतात,
उन्हाने डांबर मऊ झालं की
एक रेघ उमटते, केसाएवढी.
तिथे मी पाय उचलून टाकते.
नातीला वाटतं, गुडघे दुखतात.
दुखतातच.