पंचेचाळीस

पिंपळगावच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी हातात रिंग मिळाली.
लोखंडी, आतून पंचेचाळीस मिलिमीटर.
मुकादम म्हणाला, हिच्यातून जो खाली पडला
तो सरकारी साठ्याचा नाही.
मग कोणाचा, मी विचारलं.
तो हसला. नवीन दिसतेस, म्हणाला.

तेव्हापासून दिवसभर कांदे या भोकाला दाखवते.
अडकला की क्रेटमध्ये, पडला की गोल्टी,
त्याहून बारीक चिंगळी.
जुळा बाजूला. कोंब डोकावला, बाजूला.
काजळी धरलेला हातातसुद्धा घेऊ नये
असा कागद भिंतीवर चिकटवलाय:
खाली शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीच्या आडोशाला पालीची दोन अंडी.

माझ्या उजव्या अंगाला चांदोरीच्या वेणूबाई मोगल.
त्यांच्या दिराचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी
त्यांनी त्याचे कांदे पाडले
जसे कोणाचेही पाडले असते.
दुपारी भाकरी सोडताना म्हणाल्या,
रात्री दीर जेवला नाही.
एवढंच बोलला, वहिनी,
जरा आडवा धरायचात ना.

खरंय ते.
कांदा काही देवाने गोल केलेला नाही.
आडवा धरला तर अडकतो,
तोच तिरका धरला तर जातो.
कागदात आकार लिहिलाय.
धरायचा कसा, ते लिहिलेलं नाही.
ते आमच्या मनगटावर सोडलंय,
आणि मनगट दुपारी तीननंतर दुखतं.

आमच्याकडे, सुरगाण्याच्या वर,
सासऱ्यांच्या वनपट्ट्याची मोजणी झाली तेव्हा
साहेब मोबाईल समोर धरून उतार चालले.
उतार कागदावर सपाट होतो.
नागली मात्र उतारावरच उभी असते,
एक पाय वर, एक पाय खाली.
वरच्या अंगाला साग होता, सादडा, दोन मोह.
साहेब म्हणाले, आकाशातून इथे जंगल दिसतं,
हे शेत कसं?
सासरे म्हणाले, आम्ही राखलं म्हणून दिसतं.
ते वाक्य कोणत्याच रकान्यात बसलं नाही.
तीन एकरांचा दावा होता. पट्टा सोळा गुंठ्यांचा आला,
लॅमिनेशन करून.
सासऱ्यांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला
आणि पेटीला कुलूप लावलं नाही.

चैत्रात एका रात्री वरून काही आदेश निघाला.
सकाळी भरलेले कंटेनर जागच्या जागी,
ड्रायव्हर टायरच्या सावलीत पत्ते खेळत.
लिलावात दोन बोल्या झाल्या, तिसरी कोणी केली नाही.
मुकादम फोनवर ओरडत होता,
तिकडे शहरात कांदा महागलाय, म्हणून.

त्या शहरातली बाई माझ्या डोळ्यांपुढे येते.
पिशवी घेऊन उभी, पाव किलोच द्या म्हणणारी.
तिच्यावर मला रागावता येत नाही.
तिला जो महाग पडला
आणि वेणूबाईंच्या दिराला जो स्वस्त गेला
तो एकच कांदा, माझ्या हातातून गेलेला.
मधले हात मोजायला बसले एकदा.
हमाल, मापारी, अडत्या,
गोदामवाला, ट्रकवाला, पुन्हा एक गोदामवाला,
तेवढ्यात क्रेट भरला, हाक आली.
त्यांच्यासाठी कोणती रिंग आहे
हे मला अजून कळलेलं नाही.

काम थांबलं. आम्ही जीपने गावी निघालो.
पेठच्या घाटात ओटीत काहीतरी टोचलं, तर रिंग.
तिचे सत्तर रुपये मजुरीतून आधीच कापले होते,
म्हणजे ती माझीच.

दोन वर्षांच्या मयुरीने ती बांगडी म्हणून घातली.
सरळ गेली. दिवसभर मिरवली,
कोंबड्यांना दाखवली, पेटीवर वाजवली.
रात्री निघेना.
तेल लावलं, साबण लावला, मनगट लाल झालं,
पोर रडून रडून शेंबडी.
सासरे कंदील घेऊन जवळ आले.
मी तिचा अंगठा आत दुमडला.
म्हटलं, रडू नको,
हात जरा तिरका धर.