डेफनिंग

कारखान्याच्या माडीवर माझी शिकवणी,
खाली बारा माग.
फळ्यावर खडू टेकवला की तोही थरथरतो.
सरांचं अक्षर वाईट आहे, असं मुलांना वाटतं.
मी वाटू देतो.

काल विशेषणं होती.
लिहिलं : डेफनिंग.
अर्थ : कानठळ्या बसवणारा.
वापर : आवाजाच्या आधी. स्फोट, मेघगर्जना, टाळ्या.
सगळं ओरडून सांगितलं;
साखर पेठेत व्याकरण ओरडूनच शिकवावं लागतं,
'नाइफ'मधला मुका 'के'सुद्धा.

सतरंजीच्या टोकावरून श्रीलता गुंडेटी म्हणाली,
सर, यात 'डेफ' आहे.
आहे.
म्हणजे बहिरा.
हो.
मग शेवटी 'इंग' कशाला?
अजून चालूच आहे म्हणून?

याचं उत्तर पुस्तकात आहे. मी दिलं नाही.

खाली चौथ्या आणि पाचव्या मागाच्या मधे
तिचा बाप उभा असतो, मल्लेशम,
तेवीस वर्षं.
धोटा अडकला तर त्याच्या तळहाताला कळतं,
धागा तुटला तर डोळ्यांना.
घरी बायको आधी खांद्याला हात लावते, मग बोलते.
हाक मारणं नेमकं कधी सोडलं, तिला आठवत नाही.
एका दिवसात गेले नाहीत कान.
चादर भरत जाते तसे गेले,
एकेक आडव्या धाग्यानं.

आपल्या भाषेत कानठळ्या नुसत्या बसतात.
गड्ड्याचं दारूकाम संपवून माणसं परततात,
घर येईपर्यंत त्या उठून गेलेल्या असतात.
त्यामुळे हा शब्द मी इतकी वर्षं
दिवाळीपुरताच शिकवत आलो.

तेवढ्यात लाइट गेली.
बाराही माग एकदम गप्प.
मी मात्र अर्ध्या वाक्यात तसाच ओरडत राहिलो,
पोरं हसली.
आणि खालून, मागांच्या वरताण लावलेल्या
त्या कायमच्या आवाजात, मल्लेशम :
"लता! तिन्नावा?"
जेवलीस का.
अख्ख्या बोळानं ऐकलं.

ती जिन्यापाशी गेली. तोंड उघडलं नाही.
पाची बोटं जुळवून ओठांशी नेली, मान हलवली.
खाली त्याला पुरलं.

परत येऊन बसली, पेनाचं टोपण काढलं :
सर, याचा विरुद्धार्थी शब्द?

मी सांगितला.
पण लाइट आली होती.
तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं,
काय, ते अजून तपासायचं आहे.