शंभराच्या आत

मे महिन्यातली परभणी.
रात्री दहालासुद्धा भिंतीला पाठ लावून बघा.

यांनी दाराआडच्या चुन्यावर
सुतारी पेन्सिलीनं रोजचे युनिट मांडलेत,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.
शंभराच्या पुढं दर चढतो.

काल एकोणनव्वद झाले.
इस्त्री बंद, मिक्सर बंद,
कारळाची चटणी पाट्यावर.
फ्रीजमध्ये आता नुसत्या वह्या अन् लग्नाची पत्रिका.
कूलर तेवढा राहिला.

शेजारच्या शमीमभाभीची लाईन
बिल थकलं म्हणून कापून गेले.
तिचं लेकरू घामोळ्यांनी किरकिरतं,
मधली भिंत एकविटेची,
सगळं इकडं ऐकू येतं.

उठले.
कूलर ओढत दारात नेला,
तोंड फिरवलं सामायिक ओट्याकडं.
दोन घरच्या वाकळी एका वाऱ्यात.
हे काही बोलले नाहीत.
आठ दिवसांआड नळ येतो आमच्याकडं,
तरी दोन बादल्या कूलरात ओतल्या.

पहाटे जाग आली तर
मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता,
लेकराच्या श्वासापेक्षा जरा घाईनं.

चार दिवस झाले,
भिंतीवर अजून एकोणनव्वदच.
पेन्सिल सापडत नाही म्हणतात.
कानामागंच खोचलेली आहे.