अर्धा टक्का

टाम्परेत तीनलाच अंधारलं.
इर्मेली तुटलेला नमुना भिंगाखाली धरते:
काचेतून जावा तसा सरळ गेलाय तडा,
वाटेत कुणी हटकलंच नाही त्याला.
ग्राफीनचे कोरे पापुद्रे
परक्या लग्नातल्या पाहुण्यांसारखे
आपापल्यातच घोळका करून,
इपॉक्सीशी अबोला.

दुसऱ्या खेपेला त्यांना अमाइनचे हात फुटले.
अर्धाच टक्का;
जास्त घातलं की पुन्हा गुठळ्या,
हात असले तरी.

आता तडा अडखळतो, वळसा घेतो,
फाटे फोडतो, दमतो.
तुटलेली कड खडबडीत, डोंगराळ.

"पण तुटलंच ना शेवटी?"
नवा पोरगा ओन्नी विचारतो.

तुटलं.
इर्मेली भिंग पुसत राहते.
भावाची होडी एका दमात उकलली होती.
किनाऱ्यावरचे दिवे
मोजता येत होते तिथून.